फाशीअण्णांची तागडी

पंचवटीतल्या आमच्या बोळात एक गृहस्थ रोज कुणाला ना कुणाला फाशी द्यायचे. नळाला पाणी सोडायला विसरणारा महापालिकेचा माणूस, दुकानासमोर आडवी स्कूटर लावून देवळात जाणारा भाविक, कालची शेवंती आजची म्हणून खपवणारा समोरचा फुलवाला, या सगळ्यांना त्यांनी फाशी फर्मावलेली मी या कानांनी ऐकलेली आहे. सुरुवात ठरलेली असायची. हातातला दोरा खाली ठेवायचा, टोपी मागे सारायची आणि म्हणायचं, "सरळ हे बघा." एवढं ऐकलं की 'फाशी द्या' हे पुढचं वाक्य शेंबड्या पोरालाही ठाऊक असे. त्यांचं खरं नाव रेशनकार्डाखेरीज कुठे वापरात नव्हतं. त्यांच्या माघारी सगळा बोळ त्यांना फाशीअण्णा म्हणायचा आणि तोंडावर नुसतं अण्णा.

अण्णांचं फुलांचं दुकान बोळाच्या तोंडाशी होतं. मळा मखमलाबादच्या शिवारात. तिथून धाकटा मुलगा विलास सकाळी झेंडू, शेवंती, गुलाब आणून टाकायचा आणि अण्णा दिवसभर विकायचे. सुटी फुलं तागडीत तोलून द्यायची. तागडीच्या ज्या पारड्यात फुलं पडत, त्याला आतून सुतळीनं गोणपाट शिवलेलं असे, आणि त्यावर सारखं पाणी मारून ते ओलं ठेवायचं. पत्र्यावर फूल तापतं, असं अण्णांचं म्हणणं. त्या ओल्या गोणपाटाचं वजन भरून काढायला दुसऱ्या पारड्याखाली तारेनं एक गोटा बांधलेला होता. वजनमापं तपासणारा इन्स्पेक्टर दरवर्षी त्या गोट्यावरून अण्णांशी हुज्जत घालायचा आणि अण्णा त्यालाही फाशी द्यायचे, अर्थात तो बोळाबाहेर गेल्यावर.

या सगळ्या फाशांवर आम्ही हसत असू. एक फाशी मात्र अशी होती की तिच्यावर कुणी हसत नसे. अण्णांचा थोरला मुलगा गर्दच्या पायी गेला होता. ब्राऊन शुगरला तेव्हा सगळे गर्द म्हणत. नव्वदच्या सुमाराला ते आमच्या भागात कुठून कसं शिरलं कळलं नाही. चांगली हसतीखेळती पोरं वाळत गेली. थोरला एका सकाळी घाटाच्या पायऱ्यांवर सापडला. अण्णा त्याचं नाव घेत नसत. "आमचा थोरला" म्हणत आणि लगेच विषय फाशीवर जाई. गर्द विकणाऱ्याला फाशी. ती म्हणताना ते टोपी मागे सारत नसत आणि "सरळ हे बघा"ही म्हणत नसत.

थोरला गेल्यावर अण्णांनी एक काम अंगावर घेतलं. शाळाशाळांतून जाऊन ते मुलांपुढे बोलायचे. मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवायची, त्यामुळे आमच्या शाळेत त्यांना मीच बोलावलं. भाषण एकच, तेवढंच, आणि शेवटी कायदा. तो त्यांनी कुणा वकिलाकडून पाठ करून घेतला होता. अशा मालाच्या गुन्ह्यात एकदा शिक्षा झालेला माणूस दुसऱ्यांदा ठरावीक वजनाच्या वर माल घेऊन सापडला, तर त्याला फाशीच. न्यायाधीशाच्या मनात असलं तरी दुसरी शिक्षा देता येत नव्हती. गर्दसाठी ते वजन एक किलो होतं. "किलो भरला की संपला," असं म्हणून अण्णा खाली बसायचे. पोलीसही अशा कार्यक्रमांना येत. त्यामुळे आमच्या चौकीतले फौजदार अण्णांना चांगले ओळखायला लागले.

माझं आणि अण्णांचं या विषयावर अजिबात पटत नसे. शाळेतून येताना मी गजरा घ्यायला थांबायची आणि गजरा राहायचा बाजूला. मी म्हणायची, फाशीनं धंदा थांबत नाही, मोठे मासे निसटतात आणि त्यांची गाडी हाकणारा लटकतो. अण्णा म्हणायचे, एक लटकला की दहा घाबरतात. मी म्हणायची, आणि चुकून भलताच लटकला तर?

"भलता कसा लटकेल?" अण्णा गजऱ्याला गाठ मारत म्हणायचे. "पोलीस कशाला हायेत? पंच कशाला हायेत? सगळं बघूनच करतात ना बाई."

मी आणखी काही बोलायला गेले की ते शांतपणे म्हणत, "तुमचं पोटचं गेलं नाय, म्हणून सुचतं हे." मग गजरा घेऊन मी घरी यायची आणि स्वयंपाक करताना जे जे सांगायला हवं होतं ते सगळं मला सुचायचं.

आमच्या बोळातल्या गणेश मंडळाचा वादविवाद हा या भांडणाचा जाहीर प्रयोग असे. मराठी शिकवते म्हणून तो कार्यक्रम माझ्या गळ्यात मारलेला होता. विषय दरवर्षी तोच: गर्द विकणाऱ्याला फाशी हवी की नको. तो बदलायचा तर मंडळाची बैठक घ्यावी लागली असती, आणि बैठक घ्यायची तर आधी वर्गणीचा हिशेब द्यावा लागला असता. "हवी" या बाजूला पहिलं नाव अण्णांचं असायचं आणि टाळ्याही त्यांनाच पडायच्या. "नको" या बाजूला कुणी मिळत नसे, म्हणून मीच बोलायची. मला टाळ्या वाजवायच्या त्या माझ्या वर्गातल्या मुलींनी, तेही मी त्यांच्याकडे बघितल्यावर.

अशात एका मे महिन्यात पोलिसांनी आग्रा रोडला आडगावच्या अलीकडे एक टेम्पो अडवला. भाजीच्या जाळ्यांखाली प्लॅस्टिकची पुडकी निघाली. पंच हवे होते आणि काटाही हवा होता. फौजदारांना अण्णा आठवले. जीप थेट दुकानाशी आली. "अण्णा, पंच म्हणून चला, आणि तुमची तागडी घ्या बरोबर." अण्णा ज्या तोऱ्यात जीपमध्ये चढले, तो मी समोरच्या किराणा दुकानातून पाहिला. एका हातात तागडी आणि दुसऱ्या हातात वजनांची पिशवी. कुणी लग्नाला निघावं तसा त्यांचा चेहरा होता.

संध्याकाळी त्यांनी मला हाक मारून थांबवलं. "किलोच्या वर भरला, बाई. माझ्या हातानं तोलला." टेम्पोवाला सायखेड्याचा, नाव सुदाम. काही वर्षांपूर्वी गांजा नेताना सापडून शिक्षा भोगून आलेला. म्हणजे ही दुसरी खेप. अण्णांनी ते सगळं जुळवूनच ठेवलं होतं. "आता सुटत नाय," ते म्हणाले. त्यांना इतकं समाधानी मी थोरला गेल्यानंतर पहिल्यांदाच बघत होते. मला वाद घालायचा होता, पण त्या चेहऱ्यापुढे तो घालवेना. गजरा घेतला आणि घरी आले.

दसरा आला. खंडेनवमीला ज्याच्या त्याच्या हत्याराची पूजा, तशी अण्णा तागडीची करायचे. आदल्या दिवशी जुनं गोणपाट उसवून टाकायचं, पारडी चिंचेनं घासायची, नवं गोणपाट शिवायचं, ते भिजवायचं आणि त्याच्या वजनाचा गोटा शोधून बांधायचा. दसऱ्याला आमच्याकडे तोरणाचा झेंडू अण्णा स्वतः आणून देत. त्या वर्षी तो विलासच्या हाती आला. मी सोनं द्यायला गेले तर अण्णांनी ते घेतलं, मला सोनं द्यायला आलेल्या अक्कांना, म्हणजे त्यांच्या बायकोला, हातानंच पुढे केलं आणि मान खाली घालून पुन्हा माळ ओवायला लागले. सणावाराला थोरल्याची आठवण येत असेल, असं मला वाटलं.

पण तेव्हापासून अण्णांनी कुणालाच फाशी दिली नाही. स्कूटरी आडव्या लागत, नळ कोरडे राहत, अण्णा माळ ओवत राहत. शाळांतून बोलावणी आली तर तब्येतीचं कारण सांगू लागले. बोळात कुजबुज सुरू झाली की अण्णांना काहीतरी दुखणं जडलं आहे. एकदा मी मुद्दामच डिवचलं, "काय अण्णा, आज कुणाला?" ते नुसते हसले आणि मला एक गजरा जास्त दिला.

पुढच्या पावसाळ्यात एका रविवारी दुपारी ते माझ्या घरी आले. याआधी कधी आले नव्हते. खुर्चीच्या कडेवर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली. चहा निवून गेला तरी कपाला हात लावला नाही. सुदामचा खटला उभा राहिला होता आणि त्यांना साक्षीचं समन्स आलं होतं.

"त्या दिवशी मी गोटा काढला होता, बाई," ते म्हणाले.

मला काहीच समजलं नाही. मग त्यांनी सांगितलं. जीपमधून उतरल्यावर त्यांचं लक्ष गोट्याकडे गेलं. फौजदार, हवालदार, सरकारी काम, आणि आपल्या तागडीला दगड लटकतोय. वजनमापांच्या इन्स्पेक्टरची एवढ्या वर्षांची बोलणी डोक्यात. त्यांनी तार पिळून गोटा तोडला आणि रस्त्याकडेला फेकून दिला. काटा कसा साफ दिसला पाहिजे. माल ओला होऊ नये म्हणून पारड्यात वर्तमानपत्र अंथरलं, घाईत रिकामी तागडी धरून न बघताच त्यावर पुडकी ठेवली आणि तोललं. वर्तमानपत्राच्या खाली सकाळी भिजवलेलं गोणपाट होतंच.

"पारड्याला शिवलेलं ते. इतक्या वर्षांत मला ते पारडंच वाटतं, वेगळं वाटतच नाय. घरी आल्यावर विलासनं दुसरा गोटा बांधून टाकला, म्हणून ध्यानातच आलं नाय. खंडेनवमीच्या आदल्या दिशी गोटा हातात घेतला आन तवा तो फेकलेला आठवला."

"केवढं भरतं ते गोणपाट?"

"ओलं असलं तर पावशेराच्या आसपास. मी तोलून बघितलं. लय वेळा बघितलं." ते खाली बघत होते. "तो किलो भरत नाय, बाई."

मी चटकन म्हणाले, मग कोर्टात सांगून टाका. एवढी वर्षं पुस्तकं वाचून आणि भाषणं करून मला तेवढंच सुचलं. अण्णांनी माझ्याकडे बघितलं. त्यात राग नव्हता, नुसता थकवा होता.

"मी नाय बोललो तर कोणाला कळणार नाय. त्याच्या वकिलानं बी अजून काट्याचं इचारलेलं नाय. देवापाशी मी रोज काय मागितलं माहीत हे का? असा एक तरी माझ्या हाताला लागू दे. लागला. आता मीच सोडू? थोरल्याला काय तोंड दाखवू?"

"अण्णा, तुम्हाला अजूनही वाटतं त्याला फाशी व्हावी?"

"वाटतं. आज बी वाटतं." त्यांनी बाहेरच्या पावसाकडे एकदा बघितलं. मग टोपी घालून उठले. "पण माझ्या गोणपाटानं नको," असं म्हणाले आणि छत्री न उघडताच बाहेर पडले.

साक्षीच्या दिवशी मी अर्धी रजा टाकून कोर्टात गेले. अण्णा धुतलेला नेहरू शर्ट घालून आले होते. व्हरांड्यात एक बाई पदराखाली लहान मुलीला घेऊन जमिनीवर बसली होती. ती सुदामची बायको कमल, हे मला नंतर कळलं. आत सरकारी वकिलांनी नेहमीच्या ठेक्यात प्रश्न विचारले. माल तुमच्या समक्ष निघाला का? निघाला. माल तुमच्या समक्ष तोलला का?

"समक्ष नाय साहेब, माझ्या हातानं तोलला," अण्णा म्हणाले. "आन चुकीचा तोलला."

सरकारी वकिलांचा कागद उलटायला घेतलेला हात तसाच राहिला. आरोपीच्या वकिलांनाही काही समजेना. न्यायाधीशांनी स्वतःच विचारायला सुरुवात केली आणि अण्णांनी गोटा, तार, गोणपाट, वर्तमानपत्र सगळं क्रमानं सांगितलं. पिंजऱ्यात उभा असलेला सुदाम शेजारच्या शिपायाला हळूच काहीतरी विचारत होता. आपल्या जिवाचं बोलणं चाललं आहे हे त्याला उमगलं नव्हतं. भिंतीपाशी बसलेले फौजदार छताकडे बघत होते.

पुढच्या तारखेला कोर्टानं सरकारी काटा मागवून मुद्देमाल तोलायला लावला. किलो भरला नाही, चांगला कमी भरला. माल वाळला असेल, असं सरकारी वकील म्हणाले, पण पुडकी प्लॅस्टिकमध्ये सीलबंद होती. सुदाम सुटला नाही. गुन्हा शाबीत झाला, लांबलचक सक्तमजुरी झाली आणि त्याची रवानगी नाशिकरोडच्या तुरुंगात झाली. फाशी मात्र टळली. निकालानंतर कमल अण्णांच्या पायावर डोकं ठेवायला आली तर ते मागे सरकले. "माझ्यामुळं नाय वाचला तो. वजन नव्हतंच तेवढं. त्यानं केलंय ते भोगू दे त्याला," असं तुटकपणे बोलून ते जिना उतरून गेले. मला ते त्या क्षणी फार कठोर वाटले.

यानंतरचे दिवस अण्णांना वाईट गेले. फौजदारांनी ओळख देणं सोडलं. बोळात कुणी तरी कंडी पिकवली की अण्णा विकले गेले. ज्या आयांची पोरं गर्दनं गेली होती, त्या दुकानासमोरून तोंड फिरवून जाऊ लागल्या, आणि त्याचं त्यांना सगळ्यात जास्त लागलं. विलासनं तर त्यांच्याशी बोलणंच टाकलं. भावाच्या मारेकऱ्याला बापानं वाचवलं, असं त्याच्या डोक्यात बसलं होतं. सकाळी फुलं टाकायचा आणि निघून जायचा. अण्णा एकटेच माळा ओवत बसलेले दिसायचे. मी तासन्‌तास त्यांच्यापाशी बसायची. वाद घालायला आता काही उरलं नव्हतं, म्हणून आम्ही भाज्यांचे भाव बोलायचो.

मग गणपती आले. वादविवादाला नावं घ्यायला मी गेले तेव्हा वाटलं, अण्णा या वर्षी नको म्हणतील. ते म्हणाले, "लिहा." मी विचारलं, कोणत्या बाजूला? म्हणाले, "बोलून झाल्यावर तुम्हीच ठरवा." माझ्या मनात उगीचच आलं की आता आम्ही दोघं एका बाजूला. खरं सांगायचं तर आपण जिंकल्याचा थोडा आनंदही झाला होता मला.

त्या संध्याकाळी मांडव गच्च भरला होता, निम्मे लोक अण्णांची फजिती बघायला आले होते. अण्णा माईकसमोर उभे राहिले. माईक त्यांच्या उंचीला जुळवून घ्यायला थोडा वेळ गेला.

"आमचा थोरला गर्द ओढायचा, हे तुम्हाला सगळ्यांला ठावं हे," ते म्हणाले. "तो विकायचा बी. हे कोणाला ठावं नाय. स्वतःची पुडी सुटावी म्हणून चार पुड्या दुसऱ्या पोरांला द्यायचा. मी एकदा डोळ्यांनी बघितलं. त्याच्या आईला सांगितलं नाय, विलासला सांगितलं नाय. तो गेल्यावर मी गावभर फाशी फाशी करत फिरलो. कोणी माझ्या पोराचं नाव घेऊ नये म्हणून मी मोठ्यानं ओरडत होतो. ती फाशी मी त्याला बी मागत होतो, हे मला कळत होतं." ते थांबले. "इथं बसलेल्यांत कोणाचं पोर त्याच्यामुळं नादाला लागलं असंल, तर त्यांनी मला माफ करावं. फाशी हवी का नको, ते बाई सांगतील. त्या शिकलेल्या हायेत. मला आता कोणतीच बाजू घेता येत नाय."

टाळ्या वाजल्या नाहीत. मीही काही सांगितलं नाही, मला जमलंच नसतं. बायकांच्या रांगेत अक्का पुढेच बसल्या होत्या. मी घाबरून त्यांच्याकडे बघितलं तर त्या शांत होत्या. दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "त्याच्या उशाशी रोज झाडू मारायचे मी, बाई. मला कळणार नाय का? ह्यांनाच कळू नये म्हणून मी गप होते." दोघं नवराबायको एकमेकांपासून एकच गोष्ट इतकी वर्षं लपवत आले होते. मला रडू आवरलं नाही आणि अक्काच मला पाणी द्यायला उठल्या. विलासही त्या दिवसापासून दुकानात थांबायला लागला.

पुढे जे झालं ते मला अजूनही नवलाचं वाटतं. गणपती विसर्जन झाल्यावर चार दिवसांनी एक गृहस्थ हार घ्यायच्या निमित्तानं दुकानाशी आले आणि बराच वेळ घुटमळून म्हणाले, अण्णा, माझा मुलगाही ओढतो, आणि विकतोही. मग आणखी एक आई आली. तोपर्यंत आमच्या भागात ज्याच्या त्याच्या घरी हे होतं आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपल्याच घरी आहे. अण्णा दुकान विलासवर टाकून त्यांच्याबरोबर व्यसनमुक्ती केंद्रात जायला लागले. पोरांना मळ्यात कामाला लावलं. काही सुटली, काही परत घसरली. घसरलेल्याचा बाप तोंड लपवायला लागला की अण्णा त्याच्या घरी जाऊन उभे राहायचे. "एकदा घसरला तर उचलायचा, दुसऱ्यांदा घसरला तर बी उचलायचा," एवढंच म्हणायचे. त्या मळ्यातून बरी होऊन गेलेली दोन पोरं आज स्वतःच्या फुलांच्या गाड्या लावतात, आणखी एक जण पॉलिहाऊसमध्ये गुलाब काढतो. आणि हो, स्कूटर आडवी लावणाऱ्यांना पुन्हा फाशी व्हायला लागली, तेव्हा बोळाला हायसं वाटलं.

कमलशी मात्र अण्णा तुटक बोलले ते तेवढंच. काही महिन्यांनी ती सायखेड्याहून झेंडूची पाटी घेऊन बाजारात बसलेली त्यांना दिसली. भाव पाडून मागणाऱ्या व्यापाऱ्याला त्यांनी तिथल्या तिथे फाशी दिली आणि तिला म्हणाले, उद्यापासून माल माझ्याकडे आण. ती आणत राहिली. सुदामचा विषय दोघांत निघत नसे. तो कसा आहे हे अण्णा मला विचारायचे, आणि मी कमलला विचारून त्यांना सांगायची.

अण्णा गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. झोपेत गेले, फारसा त्रास झाला नाही. फाशी हवी की नको हा वाद अजून चालूच आहे आणि मी अजून माझ्याच बाजूला आहे, पण आता बोलताना माझा आवाज पूर्वीसारखा चढत नाही. अण्णांची आठवण निघाली की मला सायखेड्याचं लग्न डोळ्यांपुढे येतं. ते गेले त्याच्या आदल्या उन्हाळ्यातलं. कोर्टाच्या व्हरांड्यात आईच्या पदराखाली बसलेली ती मुलगी आता लग्नाची झाली होती. कमल आम्हा दोघांना आमंत्रण करून गेली होती. हार-तुरे, मुंडावळ्या सगळं अण्णांनी स्वतः केलं. विलासलाही हात लावू दिला नाही. करंडी मांडीवर घेऊन ते एसटीत बसले आणि निफाडच्या बाजूचे खड्डे येतील तसे ती दोन्ही हातांनी उचलून धरायचे.

मांडव नदीकाठी होता. सुदाम पॅरोलवर आला होता. त्याच्या मागे साध्या कपड्यांतले दोन पोलीस उभे होते, आणि वऱ्हाडानं त्यांनाही फेटे बांधले होते. केस पांढरे झालेला, खांदे उतरलेला माणूस. व्याहीभेटीला त्याचं नाव पुकारलं तेव्हा तो पुढे यायला कचरत होता. अण्णांनी करंडीतून हार काढून त्याच्या हातात दिला. दोघांची नजरानजर झाली. सुदाम काहीतरी बोलायला गेला, पण अण्णा म्हणाले, "जा, व्याही खोळंबलेत." सुदामनं हार घातला. नवऱ्याच्या बापानं त्याला घट्ट मिठी मारली, दोनदा उचलल्यासारखं केलं आणि सगळा मांडव हसला. मुलगी बोहल्यावरून बापाकडे बघत होती.

परतीच्या एसटीत अण्णा खिडकीशी बसले. रिकामी करंडी पायाशी. चेहऱ्यावर ऊन येत होतं तरी त्यांनी खिडकीची काच ओढली नाही. मला वाटलं, डोळा लागला असेल.

"बाई," ते बाहेर बघत म्हणाले, "आमच्या थोरल्याला कोणी तरी पकडायला पाहिजे होतं हो. आत राहिला असता. मी दर आठवड्याला भेटायला गेलो असतो."